४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का, आणि तिच्या गुणधर्मांपैकी मोलाचे कोणते?

प्रश्नकर्त्याचा अनुभव आधी थोडक्यात मांडते. त्यांनी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या घेतली आणि २ हा पाया धरून तिला फेर्माची कसोटी लावली, म्हणजे २ चा 'संख्या वजा १' इतका घात घेऊन त्याला त्या संख्येने भागले. बाकी १ आली, म्हणून संख्या मूळ असणार असे त्यांनी धरले. नंतर त्यांच्या वाचनात आले की तिला ६४१ ने भाग जातो. त्यांच्या एका छोट्या प्रोग्रामने तर ही संख्या चक्क '१' अशी छापली. त्यातच तिच्या गुणधर्मांची एक लांबलचक यादी हाती आली: अंकांची बेरीज, विभाजक, द्विमान रूप, वर्गांची बेरीज आणि आणखी बरेच काही. त्यांनी विचारले आहे, "यातले खरे काय, आणि एवढ्या सगळ्यांत महत्त्वाचे कोणते?"

सरळ उत्तर असे, की ही संख्या मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. तुमचे गणित चुकलेले नाही. कसोटीचे उत्तर १ च येते, आणि तुमच्या प्रोग्रामने १ का छापला यालाही साधे कारण आहे. दोन्हीकडे पुढे येतेच. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त खोल वाटतो, म्हणून सुरुवात तिथून करते.

कोणता गुणधर्म महत्त्वाचा, हे तुम्ही ती संख्या कशासाठी हातात घेतली आहे यावर अवलंबून आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती किती बिटांत मावते याची काळजी असते, भूमितीवाल्याला तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते का हे हवे असते, आणि अवयव पाडणाऱ्याला तिचे मूळ अवयव. तरीही एक भेद सगळ्यांनाच उपयोगी पडतो. काही गुणधर्म आपण संख्या दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसतात, तर काही ती संख्या घडलीच तशी म्हणून असतात. या संख्येच्या अंकांची बेरीज ५९ आहे. खरे आहे, पण आठच्या पटीत लिहिली की ही बेरीज बदलते. ६४१ ने भाग जाणे मात्र कुठल्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाही.

मी संख्यासिद्धान्त शिकवते आणि मूळपणा तपासणारे प्रोग्रामही लिहिते. मोठी संख्या समोर आली की मी पहिल्यांदा तिची घडण शोधते. इथे ती लगेच सापडते: ४,२९,४९,६७,२९७ = २^३२ + १, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. द्विमान पद्धतीत ती १, मग ३१ शून्ये, मग पुन्हा १ अशी दिसते. दोन्हीकडून वाचली तरी तीच. शेवटचा अंक ७ का आहे, याचेही उत्तर इथेच मिळते. २^३२ म्हणजे १६ चा आठवा घात, आणि १६ चा कोणताही घात ६ नेच संपतो. त्यात १ मिळवला की ७. यादीतला हा 'शेवटचा अंक' वरवर दहाच्या पद्धतीतला वाटतो, पण त्याचे कारण घडणीत आहे. अशी कारणे सापडू लागली की यादी पाठ करावी लागत नाही.

या घडणीमागे मोठा इतिहास आहे. २ चा घात घ्यायचा, घातांकही २ चाच घात असला पाहिजे, आणि शेवटी १ मिळवायचा: अशाने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पाचही मूळ आहेत. सहावी आपली. (मोजणी शून्यापासून करतात, म्हणून हिला पाचवी फेर्मा संख्या म्हणतात.) १६४० मध्ये फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रातून असे मत मांडले की या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, आणि आपल्याकडे सिद्धता नाही हेही सांगितले. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ही गोष्ट ऑयलरच्या कानावर घातली, आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवून ते मत मोडीत काढले. आजपर्यंत त्या पहिल्या पाचांखेरीज एकही फेर्मा संख्या मूळ असल्याचे सापडलेले नाही.

आता ६४१ कसा सापडतो ते पाहू. डोळे झाकून भागत गेलात तर २, ३, ५, ७ असे करत ६४१ ही ११६वी मूळ संख्या लागते. म्हणजे ११६ भागाकार. तेही नशीब म्हणायचे, कारण संख्या मूळ असती तर ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. पण घडण माहीत असेल तर काम विलक्षण हलके होते.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ येते. म्हणजे भाग पूर्ण जायला १ कमी पडतो, एवढेच. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ अशा घातांच्या बाक्या ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येतात. ६४व्या घाताला १ आला, म्हणून ते अंतर ६४ चा विभाजक असले पाहिजे. ६४ खेरीज त्याचे बाकीचे सगळे विभाजक ३२ लाही भागतात. अंतर त्यांपैकी एखादे असते तर ३२व्या घातालाच १ दिसला असता. तिथे तर −१ आहे. म्हणून अंतर नेमके ६४. फेर्माच्याच छोट्या प्रमेयाप्रमाणे २ च्या (प−१)व्या घाताचीही बाकी १ येते, म्हणून हे अंतर प−१ ला निःशेष भागते. म्हणजे प ही ६४क + १ याच रूपाची हवी (क म्हणजे कोणताही धन पूर्णांक).

या रूपातल्या मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. ११६ भागाकारांऐवजी पाच! फेर्माने ते छोटे प्रमेयही १६४० मध्येच लिहून कळवले होते. हत्यार त्याच्या हातात होते आणि ६४१ पाच पावलांवर होता, हे वर्गात सांगताना मला दर वेळी हळहळ वाटते.

पुढे १८७८ मध्ये ल्यूकाने यात आणखी एक पायरी चढवली. ६४क + १ रूपाच्या मूळ संख्येला ८ ने भागले की बाकी १ उरते, आणि अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी असा एखादा वर्ग असतो की ज्याची बाकी २ येते. त्या वर्गाच्या मुळाचे घात घेत गेलो तर बाक्यांचे अंतर ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ निघते. म्हणून अवयव १२८क + १ रूपाचाच हवा. या रूपातल्या पहिल्या दोनच मूळ संख्या २५७ आणि ६४१. त्यातही २५७ ही स्वतः फेर्मा संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणजे खऱ्या अर्थाने पहिलाच भागाकार ६४१ चा.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ आणि −२^४ यांची बाकी सारखीच. वरच्या गुणाकारात ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. तीन ओळींत संपते, आणि एकही मोठा आकडा लिहावा लागत नाही.

भागाकार ६७,००,४१७ येतो. तो मूळ आहे हे यादीत नुसते लिहून टाकतात, पण तुम्हाला ते स्वतः पडताळता येईल. त्याचे वर्गमूळ २,५८८ हून थोडे जास्त आहे. त्याचा कोणताही मूळ अवयव आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तोही १२८क + १ रूपाचाच हवा. २,५८८ च्या आत या रूपातल्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी ६७,००,४१७ ला भागल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरतात. एकदाही भाग जात नाही, म्हणून संख्या मूळ. पाच भागाकारांत सदुसष्ट लाखांच्या संख्येचा निकाल लागतो. हे करून पाहाच. 'दोन्ही अवयव मूळ आहेत' हे वाक्य वाचणे आणि त्या पाच बाक्या स्वतः काढणे यांत फार फरक आहे.

आता तुमच्या कसोटीबद्दल. फेर्माचे छोटे प्रमेय असे: न मूळ असेल आणि पायाला न ने भाग जात नसेल, तर पायाचा (न−१)वा घात न ने भागल्यावर १ उरतो. याचा व्यत्यास खरा नाही. १ उरला म्हणून न मूळ ठरत नाही. १ न उरला तर मात्र ती नक्की संयुक्त. आणि आपल्या संख्येच्या बाबतीत २ हा पाया अगदीच कुचकामी आहे. २^६४ ची बाकी १ येते हे वर पाहिलेच. न−१ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो. म्हणून २ चा (न−१)वा घात १ देणारच, संख्या मूळ असो वा नसो. हेच प्रत्येक फेर्मा संख्येला लागू आहे. २ च्याच घातांपासून घडवलेल्या संख्येला २ नेच तपासले तर उत्तर आधीच ठरलेले असते.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. सुरुवातीच्या काळात लिहिलेल्या माझ्या एका प्रोग्राममध्ये फक्त २ हा पाया होता, आणि त्याने ही संख्या मूळ म्हणून पुढे सरकवली. चूक लक्षात यायला बराच वेळ लागला, कारण लहान संख्यांवर तो जवळपास नेहमी बरोबर उत्तरे देत होता. तेव्हापासून मूळपणा तपासणारा कोणताही प्रोग्राम लिहिला की ३४१, ५६१, २,०४७ आणि ही ४,२९,४९,६७,२९७ मी त्याला सगळ्यांत आधी विचारते. ३४१ = ११ × ३१ ही २ च्या पायाला फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या; ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते; आणि २,०४७ = २३ × ८९ ही मिलर आणि राबिन यांची कडक कसोटीसुद्धा २ च्या पायावर पार करते.

ती कडक कसोटीही इथे २ च्या पायावर फसते, आणि कागदावर हे स्वच्छ दिसते. २ घ्या आणि वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, आणि पुढचा वर्ग २^३२, ज्याची बाकी −१. कसोटीला एवढेच हवे असते, म्हणून ती संख्येला पास करते. इलाज अवघड नाही: पाया बदला. ३ घेऊन ३१ वेळा वर्ग करत गेलात आणि प्रत्येक वेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवली, तर शेवटी १,०३,२४,३०३ उरतो. संख्या मूळ असती तर इथे −१ यायला हवा होता. ही कसोटी पेपँ यांनी १८७७ मध्ये खास फेर्मा संख्यांसाठी दिली. तिचे वैशिष्ट्य असे की तिचा निकाल दोन्ही बाजूंनी पक्का असतो: −१ आला तर मूळ, नाही तर संयुक्त. ६४१ चा पत्ता मात्र ती देत नाही. संख्या फुटते हे कळणे आणि ती कुठे फुटते हे कळणे ही दोन वेगळी कामे आहेत.

साधारण संख्यांसाठी किती पाये घ्यायचे, हे संख्येच्या आकारावर ठरते. कडक कसोटीत २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले तर ३,२१,५०,३१,७५१ च्या खालची प्रत्येक संख्या अचूक ओळखता येते. पण ती संख्या स्वतःच या चौघांनाही चकवते. आपली संख्या त्या मर्यादेच्या वर आहे, म्हणून फक्त या चौघांच्या भरवशावर हमी देता येत नाही. २, ७ आणि ६१ हे तीनच पाये घेतले तर मर्यादा ४,७५,९१,२३,१४१ पर्यंत जाते आणि आपली संख्या आत येते. एवढ्या आकारापर्यंत मी हेच तीन पाये वापरते.

प्रोग्रामने १ का छापला, हे मात्र पटकन सांगून होईल. ३२ बिटांच्या जागेत शून्यापासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्याच संख्या मावतात. पुढची संख्या आली की मोजणी पुन्हा शून्यावर येते, आणि त्यापुढची, म्हणजे आपली, १ होते. द्विमान रूपातला डावीकडचा ३३वा अंक जागेअभावी गळून पडतो, दुसरे काही नाही. चल (व्हेरिएबल) ६४ बिटांचा घ्या. आणि वर्ग करताना मधले गुणाकार ६४ बिटांतही मावणार नाहीत याकडे लक्ष असू द्या: जवळपास आपल्याच एवढ्या बाकीचा वर्ग २^६४ च्या अगदी काठावर जातो. चिन्हासकट ६४ बिटांचा चल असेल तर तो नक्कीच उतू जाईल.

यानंतर माझा सर्वांत आवडता गुणधर्म. यादीत तो 'दोन वर्गांची बेरीज: २ प्रकारे' एवढ्या कोरड्या शब्दांत असतो. एक प्रकार उघड आहे: ६५,५३६² + १². दुसरा आहे ६२,२६४² + २०,४४९². बेरीज करून पाहा: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत असेल तर ती एकाच प्रकारे येते. दुसरा प्रकार सापडला म्हणजे संख्या संयुक्त असल्याची सिद्धताच हाती आली, आणि ऑयलरने दाखवलेल्या रीतीने त्यातून अवयवही बाहेर काढता येतो. ६५,५३६ मधून ६२,२६४ वजा केले की ३,२७२. २०,४४९ मध्ये १ मिळवला की २०,४५०. या दोघांचा मसावि ८१८. त्याने भागले की उरतात ४ आणि २५. आणि ४² + २५² = ६४१.

आता उलट्या बाजूने पाहा. ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांच्या बेरजेत, तोही दोन प्रकारे, मांडता येतो. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६; त्यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. राहिले दोन गुणाकार: २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. त्यांची बेरीज २०,४४९ आणि वजाबाकी १. २^३२ + १ मधला तो शेवटचा १ म्हणजे या दोन गुणाकारांमधला फरक! पहिल्यांदा हे कागदावर मांडले तेव्हा मी पेन खाली ठेवून बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत बसले होते. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी: दुसरा प्रकार शोधून काढणे हे ६४१ ने भागण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. ही रीत कारण समजून घ्यायला सुंदर आहे. अवयव शोधायला मी इथे ती वापरणार नाही.

६५,५३६² + १² मधून पायथागोरसचे एक त्रिकूटही निघते: काटकोन करणाऱ्या बाजू ४,२९,४९,६७,२९५ आणि १,३१,०७२, आणि कर्ण आपली संख्या. यातली पहिली बाजू ही आपल्या संख्येची दोन घरे अलीकडची शेजारीण, आणि तिची ओळख करून घेण्यासारखी आहे. ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. पाचही मूळ फेर्मा संख्या, प्रत्येक एकदाच. हा योगायोग नाही. (२ − १) = १ ने सुरुवात करून क्रमाने (२ + १), (२^२ + १), (२^४ + १) असे गुणत गेलो की दर वेळी वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागू होते आणि शेवटी २^३२ − १ मिळते. याच नात्यामुळे दोन फेर्मा संख्यांना सामाईक अवयव असू शकत नाही: असा अवयव २ ला भागेल, आणि या सगळ्या संख्या तर विषम आहेत.

भूमितीत या दोन शेजारणींचे नशीब अगदी उलट आहे. १७९६ मध्ये गाउसने सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ कंपास आणि पट्टी वापरून काढता येते हे शोधले. बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या मूळ फेर्मा संख्यांचा गुणाकार असेल तरच अशी आकृती काढता येते. यातल्या 'तरच'ची सिद्धता १८३७ मध्ये वान्त्सेलने दिली. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, आणि विषम बाजूंपैकी आज माहीत असलेली ती सर्वांत मोठी. आपल्या ४,२९,४९,६७,२९७ बाजूंची मात्र काढता येत नाही. ती मूळ असती तर आली असती. ६४१ ने भाग जाण्याचा हा भूमितीतला परिणाम.

संयुक्त असण्यातूनही काही घडू शकते. शेरपिन्स्कीने १९६० मध्ये सिद्ध केले की अशा अनंत विषम संख्या क आहेत, की क × २^न + १ ही संख्या न कोणताही धन पूर्णांक घेतला तरी कधीच मूळ नसते. त्याची युक्ती आपल्या संख्येच्या दोन अवयवांवर उभी आहे. अशी मोठी विषम क निवडायची की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ६४१ या सहांनी भागल्यास १ उरेल, आणि ६७,००,४१७ ने भागल्यास −१. आता न मधून २ चे जितके गुणक निघतात तितके बाहेर काढा. ते चार किंवा त्याहून कमी असतील, तर पहिल्या पाचांपैकी एका फेर्मा संख्येने २^न ची बाकी −१ येते, आणि क × २^न + १ ला तिने भाग जातो. बरोबर पाच असतील तर हेच काम ६४१ करतो. सहा किंवा जास्त असतील तर न ला ६४ ने भाग जातो, ६७,००,४१७ ने २^न ची बाकी १ येते, क ची −१ आहेच, आणि पुन्हा भाग जातो. एकही न सुटत नाही. आपली संख्या मूळ असती तर पाचांसाठी एक आणि सहांपासून पुढे दुसरा असे दोन वेगळे राखणदार मिळाले नसते, आणि ही सिद्धता उभीच राहिली नसती. यादीत मात्र ही गोष्ट 'मूळ अवयवांची संख्या: २' एवढीच दिसते.

राहिलेले भरभर सांगते. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः, त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज फक्त ६७,०१,०५९, म्हणून ती न्यून संख्या. तिच्याशी सहमूळ असलेल्या, तिच्यापेक्षा लहान संख्या ४,२८,८२,६६,२४०, म्हणजे ६४० × ६७,००,४१६. या शेवटच्या संख्येला महत्त्व आहे: ती कुणी सांगितली तर अवयव लगेच काढता येतात. आपल्या संख्येत १ मिळवून ती वजा केली की अवयवांची बेरीज ६७,०१,०५८ मिळते; बेरीज आणि गुणाकार दोन्ही हातात आले की पुढचे काम एका वर्गसमीकरणाचे. अंकांची बेरीज ५९, आणि ५९ ने तिला भाग जात नाही. याहून जास्त त्या बेरजेत मला काही दिसलेले नाही.

तुम्हाला पुढे हात चालवायचा असेल तर पुढची फेर्मा संख्या घ्या: २^६४ + १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. वरच्याच विचाराने तिचे मूळ अवयव २५६क + १ रूपाचे हवेत. क ला १, २, ३ अशा किमती देत जा, येणाऱ्या २५६क + १ या संख्यांपैकी ज्यांना ३, ५, ७ ने भाग जातो त्या गाळा, आणि उरलेल्यांनी भागून पाहा. भागण्यासाठी मोठी संख्या लिहायची गरज नाही, २ पासून सुरुवात करून सहा वेळा वर्ग केला आणि दर वेळी बाकी ठेवली की पुरे. क = १,०७१ ला पोहोचलात की २,७४,१७७ हा अवयव हाती लागेल. १८८० मध्ये लांद्रीने या संख्येचे अवयव प्रसिद्ध केले, तेव्हा संगणक नव्हते. आणि तिथे २ च्या पायाची कसोटी लावू नका. तीही १ च सांगेल.